वाचकांचे प्रश्न : विध्वंसाची पुस्तकं कशी वाचावीत?

गेल्या अंकात युद्ध, दुष्काळ, भूकंप, अणुदुर्घटना अशा विषयांवरच्या पुस्तकांबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : जॉन हर्सी यांचं 'हिरोशिमा' रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत मिळालं. माझ्या प्रतीत चारच प्रकरणं आहेत, मैत्रिणीच्या प्रतीत पाच. माझी प्रत अर्धवट आहे का? (सातारा)

अर्धवट नाही, जुन्या आवृत्तीची आहे. हा मजकूर आधी पुस्तक नव्हताच. 'द न्यूयॉर्कर' या साप्ताहिकाने ३१ ऑगस्ट १९४६चा अख्खा अंक या एकाच लेखाला दिला आणि त्याच वर्षी त्याचं पुस्तक निघालं. त्यात चार प्रकरणं होती. पुढे जवळपास चाळीस वर्षांनी हर्सी परत गेले, हिरोशिमावरच्या अणुबॉम्बमधून वाचलेल्या ज्या सहा माणसांची ही कहाणी, त्यांचं नंतर काय झालं ते शोधलं आणि १९८५मध्ये पाचवं प्रकरण जोडलं. मैत्रिणीची प्रत मागून घ्या आणि ते प्रकरण वाचाच. त्यावाचून काय हुकतं, ते एका शिवणयंत्रावरून सांगता येईल.

सहा जणांतल्या हात्सुयो नाकामुरा या शिंप्याच्या विधवा, तीन लेकरांची आई. नवरा युद्धात गेला. त्याचं शिवणयंत्र मागे राहिलं आणि त्यावर घर चालू लागलं. ६ ऑगस्ट १९४५ला सकाळी सव्वाआठला बॉम्ब पडला. पळून जाण्याआधी त्यांनी ते यंत्र घरासमोरच्या सिमेंटच्या पाण्याच्या हौदात सोडून दिलं, म्हणजे आगीत तरी जाणार नाही. ते वाचलं खरं, पण गंजलं. चार प्रकरणांची प्रत वाचणारा इथवर येऊन थांबतो आणि बाईंनी निदान एवढं तरी राखलं या समाधानात पुस्तक मिटतो. पाचव्या प्रकरणात कळतं, की पुढे आजारपणात डॉक्टरचे पैसे द्यायला तेच यंत्र त्यांना विकावं लागलं. आगीतून राखलेली वस्तू औषधपाण्यात गेली. बॉम्बपीडितांच्या उपचारांसाठी जपानमध्ये कायदा झाला तो १९५७मध्ये. मधली बारा वर्षं ज्याने त्याने आपापल्या बळावर काढली. ही बारा वर्षं जुन्या प्रतीत असूच शकत नाहीत, कारण तो मजकूर लिहिला गेला तेव्हा ही वर्षं जगून झालेली नव्हती.

म्हणून या विषयावरचं कुठलंही पुस्तक घेताना आधी दोन गोष्टी पाहाव्यात : ते कुठल्या सालापासून सुरू होतं आणि कुठल्या साली थांबतं. घटनेच्या दिवशी सुरू होऊन महिन्याभरात संपणाऱ्या पुस्तकात वर्णन उत्तम असेल, पण माणसांवर आणि जमिनीवर काय परिणाम झाला हे त्यातून कळत नाही.

चौथ्या प्रकरणातली एक जागा मात्र सावकाश वाचा. काही आठवड्यांनी शहराच्या राखेवर हिरवळ दाट माजते. वरचं सगळं जळलं तरी जमिनीखालची मुळं, कंद शाबूत होते. त्या हिरवळीत जी वनस्पती सगळ्यात जोमाने उगवलेली दिसते, ती आपल्या टाकळ्याची अगदी जवळची नातेवाईक. पहिल्या पावसानंतर आपण ज्याची भाजी करतो, तोच टाकळा. इंग्रजी नावामुळे मराठी वाचकाच्या हे लक्षात येत नाही. पण टाकळा डोळ्यांसमोर आणून ते पान वाचलं, की ती हिरवळ दिलासा वाटत नाही, अंगावर येते.

प्रश्न : याच विषयावर कादंबरी वाचावी की सत्यकथनच वाचावं? (नाशिक)

दोन्ही वाचावं, पण क्रमाने. हर्सी यांच्यानंतर मासुजी इबुसे यांची 'ब्लॅक रेन' घ्या. ती १९६५मध्ये जपानी मासिकात क्रमशः येऊ लागली आणि १९६६मध्ये पुस्तकरूपाने निघाली. तिचा बराचसा भाग हिरोशिमातून वाचलेल्या एका माणसाच्या खऱ्या रोजनिशीवर आधारलेला आहे, त्यामुळे ती कल्पित आणि सत्य यांच्या मधोमध उभी आहे.

तिचा विषय बॉम्बपेक्षा स्थळ जुळण्याचा जास्त आहे, आणि म्हणूनच ती आपल्याकडच्या वाचकाला पटकन कळते. भाचीचं लग्न ठरत नाही, कारण ती त्या दिवशी शहरात होती अशी कुजबुज गावात आहे. मुलीला काही झालेलं नाही हे मध्यस्थाला दाखवायला मामा तिची रोजनिशी उतरवून काढायला बसतो. त्यासोबत स्वतःचीही उतरवू लागतो आणि त्या उतरवण्यातून हिरोशिमा उलगडत जाते. मामीने युद्धकाळात घरात काय शिजायचं याचं टिपण लिहिलंय, ते घाईत ओलांडू नका. आणखी एक बारकावा : अंगात बळ न उरलेली माणसं तळ्यात मासे पाळायचं ठरवतात आणि गावकऱ्यांना ती ऐतखाऊ वाटतात. वरून धडधाकट दिसणाऱ्या आजाऱ्याला गाव कसं वागवतं हे आकडेवारीच्या पुस्तकात सापडणार नाही.

प्रश्न : एकाच घटनेत मेलेल्यांचा आकडा प्रत्येक पुस्तकात वेगळा का असतो? कुणीतरी खोटं बोलतंय का? (परभणी, ठाणे, बेळगाव येथून तीन पत्रं)

कधी कधी खोटंही असतं. पण बहुतेक वेळा मोजणारे वेगवेगळी गोष्ट मोजत असतात. आकडा दिसला की चार प्रश्न विचारायचे : कुठल्या तारखेपर्यंतचा? कुठल्या हद्दीतला? कुणाची नोंदच होत नव्हती? आणि मृत्यूचं कारण कोणतं धरलं?

हिरोशिमाचंच घ्या. सुरुवातीच्या लिखाणात १ लाख हा आकडा येतो, पुढच्या पुस्तकांत १ लाख ४० हजारांच्या आसपास. दुसरा आकडा १९४५च्या अखेरपर्यंतचा आहे, म्हणजे जखमा आणि किरणोत्सर्गाने नंतरच्या महिन्यांत दगावलेले त्यात धरले आहेत. त्या दिवशी शहरात नेमके किती सैनिक होते, किती कोरियन मजूर आणलेले होते, याचे कागद शहरासोबत जळाले. म्हणून नेमका आकडा कधीच मिळणार नाही.

१९८६च्या चेर्नोबिल अणुदुर्घटनेत फरक याहून मोठा दिसतो. सोव्हिएत सरकारचा अधिकृत आकडा ३१. २००५मध्ये संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांच्या 'चेर्नोबिल फोरम'ने ४ हजारांपर्यंत असा अंदाज दिला. पहिल्यात फक्त स्फोटात आणि तीव्र किरणोत्सर्गाने लगेच मेलेले आहेत. दुसरा अंदाज आहे, मोजणी नव्हे. सर्वाधिक किरणोत्सर्ग सोसलेल्या सुमारे ६ लाख लोकांत पुढच्या आयुष्यात कर्करोगाने किती जास्तीचे मृत्यू होतील, याचं ते गणित आहे. हद्द वाढवून सगळा युरोप धरला, की आकडा आणखी वाढतो. कुठल्याही पुस्तकात '४ हजार मेले' असं साधं वाक्य दिसलं, तर त्या लेखकाने मूळ अहवाल नीट पाहिलेला नाही असं समजा.

तिसरं उदाहरण बंगालच्या १९४३च्या दुष्काळाचं. सरकारी चौकशी आयोगाने सुमारे १५ लाख सांगितले. अमर्त्य सेन यांनी १९८१च्या 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स'मध्ये सुमारे ३० लाखांचा अंदाज मांडला. मुख्य फरक तारखेचा आहे. आयोगाची मोजणी १९४४च्या मध्यावर थांबते. सेन दाखवतात, की उपासमार ओसरली तरी मलेरिया आणि इतर साथींनी खंगलेली माणसं १९४६पर्यंत नेहमीपेक्षा जास्त मरत राहिली.

आपल्या किल्लारीच्या १९९३च्या भूकंपाचंही तसंच. कुठे ८ हजारांच्या थोडा आत असा आकडा मिळतो, कुठे १० हजार. लिखाणात आकडा वापरायचा असेल, तर त्याच्या शेजारी 'कुठपर्यंतचा, कुणी मोजलेला' हे तीन शब्द लिहायची सवय लावून घ्या.

प्रश्न : स्वेतलाना अलेक्सिएविच यांच्या चेर्नोबिलवरच्या पुस्तकाची दोन इंग्रजी भाषांतरं दिसतात. कुठलं घ्यावं? आणि आता तीस-चाळीस वर्षं झाली, तर ती जमीन स्वच्छ झाली का? (पुणे)

मूळ रशियन पुस्तक १९९७चं. २००५मध्ये आलेलं भाषांतर 'व्हॉइसेस फ्रॉम चेर्नोबिल' आणि २०१६मध्ये आलेलं 'चेर्नोबिल प्रेयर' ही एकाच पुस्तकाची भाषांतरं. मधल्या काळात लेखिकेने मजकुरात फेरफार केले होते आणि नवं भाषांतर त्या सुधारित संहितेवरून झालं आहे. विकत घ्यायचं असेल तर नवं घ्या. ग्रंथालयात जुनं मिळालं तरी अडत नाही. दोन्ही विकत घेण्याची चूक बरेच जण करतात, ती टाळा.

पहिलंच कथन आग विझवायला गेलेल्या जवानाच्या बायकोचं आहे आणि सगळ्या पुस्तकात तेच सहन करायला सर्वांत जड. तिथेच अनेकांचं पुस्तक बंद होतं. ते एका बैठकीत वाचून दिवसभर थांबा, मग पुढे रोज दोन-तीन कथनं वाचा. ही माणसं एकामागून एक बोलतात, मध्ये लेखिका समजावायला येत नाही. त्यामुळे २६ एप्रिल १९८६च्या मध्यरात्रीनंतर १ वाजून २३ मिनिटांनी चौथ्या अणुभट्टीत काय झालं, ते आधी माहीत हवं. त्यासाठी सेरही प्लोखी यांचं २०१८चं किंवा ॲडम हिगिनबॉथम यांचं २०१९चं पुस्तक पुरे. दोन्हींतलं एक घ्या, मग अलेक्सिएविच.

आता जमिनीचं. इथे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सर्गी द्रव्य निम्मं व्हायला लागणारा काळ, या शब्दाने घोळ होतो. आयोडीन-१३१चं अर्धायुष्य ८ दिवस. ऐंशी दिवसांत ते हजारावा भाग उरतं, पण त्या पहिल्या आठवड्यांत ते गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून लेकरांच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत गेलं. मुलांच्या थायरॉइड कर्करोगाचं मूळ तिथे आहे. सीझियम-१३७चं अर्धायुष्य सुमारे ३० वर्षं. म्हणजे २०१६मध्ये निम्मं उरलं, २०४६मध्ये पाव उरेल. तीस वर्षांत संपलं असं नव्हे. बेलारूसच्या जवळपास २३ टक्के भूभागावर हे सीझियम मोजण्याजोगं पडलं आणि तो देश शेतीचा, बटाट्याचा, दुधाचा. अणुभट्टी मात्र त्याच्या हद्दीत नव्हतीच, ती शेजारच्या युक्रेनमध्ये.

शेतात त्यावर उपाय चालतात. सीझियम रासायनिक स्वभावाने पोटॅशियमसारखं असतं, म्हणून जमिनीत पोटॅश कमी असेल तर रोप त्याच्याऐवजी सीझियम उचलतं. पोटॅश भरपूर दिलं की ते उचलणं घटतं. गाईंना चाऱ्यातून प्रशियन ब्लू हे संयुग दिलं की पोटातलं सीझियम शेणावाटे बाहेर पडतं, दुधात कमी उतरतं. खोल नांगरटीने वरचा थर मुळांखाली गाडता येतो. जंगलात यातलं काही करता येत नाही. तिथे पाचोळ्याच्या थरात सीझियम फिरत राहतं आणि भूछत्रांत, रानातल्या बेरीसारख्या छोट्या फळांत पुन्हा पुन्हा येतं. गरीब माणूस जंगलावर जास्त जगतो, त्यामुळे त्याच्या ताटात ते जास्त. अलेक्सिएविच यांच्या पुस्तकात म्हाताऱ्या बाया रानातली भूछत्रं आणि परसातल्या भाज्या यांविषयी एवढं का बोलतात, ते हे कळल्यावरच नीट समजतं.

प्रश्न : मी शेतकरी आहे. माणसाच्या चुकीने जमीन उद्ध्वस्त झाल्याचं एखादं चांगलं पुस्तक सांगा. युद्धाचं नको. (जत)

अमेरिकेत १९३०च्या दशकात शेतातली माती धुळीच्या वादळांनी उडून गेली, त्या 'डस्ट बोल'वरची पुस्तकं वाचा. आधी एक गैरसमज काढून टाकायला हवा. या विषयावर सगळे जॉन स्टाइनबेक यांची १९३९ची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' सुचवतात. कादंबरी थोर आहे, पण तिच्यातलं कुटुंब पूर्व ओक्लाहोमातलं, कुळाने कापूस करणारं. बँक आणि ट्रॅक्टर यांनी त्यांना उठवलं. धुळीच्या वादळांचा खरा गाभा तिथून शेकडो किलोमीटर पश्चिमेला होता : ओक्लाहोमा आणि टेक्सासच्या चिंचोळ्या पट्ट्यांत, कॅन्सस आणि कोलोरॅडोच्या कोपऱ्यांत. तिथले पुष्कळ लोक गेलेच नाहीत, धूळ खात राहिले. त्यांच्यावर टिमोथी ईगन यांचं २००६चं 'द वर्स्ट हार्ड टाइम' आहे. कारणमीमांसा हवी असेल तर डोनाल्ड वर्स्टर यांचं १९७९चं 'डस्ट बोल'.

झालं असं : तो कमी पावसाचा गवताळ माळ. बुटक्या गवताच्या मुळांचं जाळं माती धरून होतं. पहिल्या महायुद्धात गव्हाला हमखास चढा भाव मिळाला आणि गवत मोडून गहू पेरला गेला. तव्यांच्या नांगराने काम झपाट्याने व्हायचं, पण ढेकळं फुटून मातीचा भुगा होई. १९३०नंतर भाव कोसळला. कर्जाचा हप्ता तोच, म्हणून तेवढेच पैसे उभे करायला आणखी जमीन मोडली. १९३१पासून पाऊस दगा देत गेला, पेरलेलं उगवलं नाही आणि उघडा भुगा वाऱ्यावर गेला. १४ एप्रिल १९३५चं वादळ तिथे आजही 'काळा रविवार' म्हणून ओळखलं जातं. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, २७ एप्रिलला, अमेरिकेने मृदसंधारणाचा कायदा केला. मग उताराला आडवी नांगरट, सरी-वरंबे, पट्टा पद्धतीने पिकं आणि वाऱ्याला आडव्या झाडांच्या रांगा आल्या. त्या रांगांत सुमारे २२ कोटी झाडं लावली गेली.

वाचताना दुष्काळ आणि धूळ वेगळे ठेवा. दुष्काळ त्या माळावर आधीही पडत होते, पण गवत होतं तोवर माती एवढी उडाली नव्हती. भाव पडल्यावर शेतकरी कमी का पेरत नाही, जास्त का पेरतो, हे वर्स्टर यांनी फार नेमकं मांडलं आहे. तेवढा भाग जतच्या माणसाला कुणी वेगळा समजावून सांगायला नको.

प्रश्न : मराठीत अशी पुस्तकं आहेत का, की सगळी इंग्रजीतूनच वाचायची? (गोवा, इंदूर)

आहेत, पण 'विध्वंस' या नावाच्या कप्प्यात ती ठेवलेली नसतात, म्हणून नजरेतून सुटतात.

पहिलं विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत यज्ञ करणार आणि दक्षिणा मिळणार, म्हणून काकांबरोबर उत्तरेकडे निघाला आणि १८५७च्या उठावात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो आत होता. शहर पडल्यावरची कत्तल, लूट आणि नंतरची भुकेली पायपीट मराठीत त्याच्याइतकी जवळून कुणी लिहिलेली नाही. इथे आवृत्ती तपासून घ्या. १९०७मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी ते प्रसिद्ध केलं, तेव्हा भाषेत आणि मजकुरात पुष्कळ बदल केले. मूळ हस्तलिखितावरची संहिता दत्तो वामन पोतदार यांनी १९६६मध्ये आणली. वाचायला वैद्यांची प्रत सोपी वाटते, पण गोडसेभटजींचा स्वतःचा आवाज हवा असेल तर मूळ संहितेवरचीच घ्या.

दुष्काळासाठी व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ची 'बनगरवाडी'. शाळेत बहुतेकांनी तिचे उतारे वाचलेले असतात, ते गमतीदार माणसांचे. शेवट फार कमी जणांना आठवतो : पाऊस नाही, मेंढरं मरतायत, एकेक घर वाडी सोडून जातं. पुन्हा वाचा, आणि या वेळी शेवटच्या पानांवरून सुरुवातीकडे या. धरणात गेलेल्या गावांसाठी विश्वास पाटील यांची १९९१ची 'झाडाझडती'. तिला १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गाव बुडण्यापेक्षा गाव उठल्यानंतर कचेऱ्यांत घालवलेली वर्षं हा तिचा खरा विषय.

१८७६ ते ७८च्या दुष्काळासाठी आधी सावित्रीबाई फुले यांचं ओतूरहून २० एप्रिल १८७७ला जोतीरावांना लिहिलेलं पत्र वाचा. ते त्यांच्या समग्र वाङ्मयात आहे आणि पाच मिनिटांत वाचून होतं. मग माइक डेव्हिस यांचं २००१चं 'लेट व्हिक्टोरियन हॉलोकॉस्ट्स'. त्यात इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवलेली दुष्काळी कामावरची मजुरी येते : पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. ज्वारीच्या चार-पाच भाकरी, सुमारे सोळाशे कॅलरी. आणि काम खडी फोडण्याचं, माती वाहण्याचं. ही मजुरी लागू झाल्यावर मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवरून मजूर उठून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. हा भाग आपल्या जिल्ह्यांचा आहे, पण सविस्तर वाचायला इंग्रजी पुस्तक उघडावं लागतं, ही खंत आहेच.

सेन यांचं पुस्तक अर्थशास्त्राचं म्हणून घाबरू नका. सामान्य वाचकाने पहिलं आणि सहावं प्रकरण वाचावं, गणिताची परिशिष्टं सोडावीत. सहावं बंगालवर आहे. १९४३मध्ये बंगालात उपलब्ध असलेलं धान्य आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा जेमतेम ५ टक्क्यांनी कमी होतं, १९४१पेक्षा तर १३ टक्के जास्तच, असं ते मांडतात. धान्य होतं, पण शेतमजूर, कोळी, केस कापणारे यांच्या कामाच्या बदल्यात मिळणारा तांदूळ कोसळला होता. त्यांच्या आकड्यांच्या दर्जावरून पुढे वाद झाले, पण प्रश्न विचारण्याची त्यांची रीत टिकली. घरात १९७२च्या आठवणी सांगणारी माणसं असतील, तर हे प्रकरण वाचून त्यांच्याजवळ बसा. तेव्हा महाराष्ट्रात पिकं गेली होती, तरी १९७३च्या उन्हाळ्यात रोज ५० लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. हातात मजुरी होती आणि लेकरांना सुकडी होती. तगाई (सरकारी कर्ज), मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी), खडीचे ढीग हे शब्द त्यांच्याकडून ऐकले, की सेन यांचं म्हणणं आपोआप लागतं.

प्रश्न : आठवीच्या मुलांना सादाकोची गोष्ट सांगते. हजार पक्षी पूर्ण होण्याआधी ती गेली, हे खरं ना? (एक शिक्षिका, वैजापूर)

ते खरं नाही. हजार कागदी क्रौंच पक्षी केले की इच्छा पूर्ण होते, अशी जपानी समजूत. सादाको सासाकी हिरोशिमावरच्या बॉम्बच्या वेळी दोन वर्षांची होती आणि २५ ऑक्टोबर १९५५ला रक्ताच्या कर्करोगाने गेली. एलेनॉर कोअर यांच्या १९७७च्या पुस्तकात तिने ६४४ कागदी क्रौंच केले आणि उरलेले मैत्रिणींनी पूर्ण केले, असं आहे. तिच्या घरच्यांनी मात्र सांगितलं आहे, की तिने हजारांहून जास्त केले होते. हजार झाले तरी ती वाचली नाही, एवढंच वर्गात सांगा. मुलं ते पचवतात.

प्रश्न : आमचं गाव १९९३च्या भूकंपात पडलं. पाहिलेली माणसं आता थकली आहेत. गावचं पुस्तक करायचं आहे. कसं करावं? (औसा तालुका)

लगेच सुरू करा, आणि सगळ्यात वयस्क माणसापासून.

भेटीला गेल्यावर पहिला प्रश्न ३० सप्टेंबरच्या पहाटेचा नको. त्या पहाटेविषयी माणसांनी पत्रकारांना, अधिकाऱ्यांना इतक्यांदा सांगितलंय, की ठरलेली वाक्यंच बाहेर येतात. जुन्या घरापासून सुरुवात करा. दार कुठल्या तोंडाला होतं? भिंत किती हात जाड, दगड कुठल्या खाणीतला? माळवदावर किती माती होती आणि दर पावसाळ्याआधी किती पाट्या नवी टाकायची? गुरं कुठे बांधायची, कणगी कुठे होती, कोण कुठे झोपायचं? आठवण जागेला चिकटलेली असते. घर उभं राहिलं, की ३ वाजून ५६ मिनिटं न विचारता येतात. शिवाय हेच तपशील माणसं का गेली तेही सांगतात : मातीत रचलेल्या गोट्यांच्या जाड भिंती आणि वर माळवदाचा भार. 'तेव्हा काय वाटलं' हा प्रश्न टाळा. 'मग काय केलं' हा विचारा.

एका माणसाला दोनदा भेटा. पहिल्यांदा पाऊण-एक तास, पंखा बंद करून, फोन विमान मोडवर, तोंडापासून हातभर अंतरावर. दुसऱ्यांदा जाताना जुन्या गल्लीचा हाताने काढलेला नकाशा न्या आणि त्यांनाच दुरुस्त करू द्या. जुन्या गावठाणाचा मोजणी नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून मागा. एक तासाचं बोलणं उतरवायला पाच ते सहा तास लागतात हे धरून चला. वीस माणसं म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या संध्याकाळी. इथेच बहुतेक प्रकल्प मरतात : ध्वनिमुद्रणं होतात, उतरवणं राहतं. पाच मुलाखती उतरवून झाल्याशिवाय सहावी घेऊ नका.

बोली बदलू नका. 'गेलो होतो' असं प्रमाण रूप केलं, की माणूस हरवतो.

मृतांची यादी सगळ्यात काळजीने करायची. ग्रामपंचायतीची मृत्यूनोंद, शाळेचं जनरल रजिस्टर आणि गल्लीगल्लीतल्या माणसांची आठवण अशा तीन बाजूंनी तपासा. नावं सुटतात ती ठरलेली : गणपतीला माहेरी आलेल्या लेकी, बाहेरगावचे सालगडी, पाहुणे आणि बारसं न झालेली बाळं. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा होता, म्हणून त्या रात्री घरात पाहुणी कोण होती हा प्रश्न प्रत्येक घरी विचारा. शंका असलेलं नाव गाळू नका, शेजारी खूण करा.

छापायला देण्याआधी ज्याचं त्याला वाचून दाखवा आणि नको म्हटलं ते वाक्य काढा. काही जण नुकसानभरपाईतल्या भानगडी सांगतील, मग रात्रभर झोपणार नाहीत. त्यांना माघार घेता आली पाहिजे. पुस्तक पुनर्वसनापाशी थांबवू नका. नव्या गावात पाठीला पाठ लावून राहणारी घरं वेगळी झाली, भाऊबंद दूर गेले, शेत लांब पडलं, जुन्या गावठाणावर आज बाभळी आहेत की काय आहे, हे सगळं शेवटच्या प्रकरणात यायला हवं.

तीनशेच्या आत प्रती असतील तर डिजिटल छपाई परवडते, त्याहून जास्त असतील तर ऑफसेट. आतला कागद ७० जीएसएमचा नॅचरल शेड घ्या, पानं डोळ्यांवर येत नाहीत. नकाशा घडीचा करू नका, घडीवर फाटतो. समोरासमोरच्या दोन पानांवर बसवा आणि शिवणीत एकही घर जाणार नाही असं आखा. ध्वनिमुद्रणांच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक गावाबाहेर कुणाकडे तरी.